पायरीवरची ओंजळ

असल्या भुताखेतांच्या हकीकतींच्या सदरात माझं नाव छापून आलं, तर आमच्या घरात हसू होईल. खालापूरच्या वाटेवरच्या जांभळीत आईला मुंजा दिसायचा. मला नुसती जांभळं दिसायची. पाताळगंगेवरच्या पुलाच्या कामावर मी कारकून होतो. दगड, चुना, माणसं — जे मोजता येतं तेवढंच खरं, असा माझा खाक्या. पण ही एक गोष्ट कित्येक वर्षं पोटात ठेवलीय... आता सांगून टाकतो.

पुलावर जेम्स नावाचा ओव्हरसियर होता. स्कॉटलंडचा, उणापुरा बावीस वर्षांचा. सगळे त्याला जेमसायेब म्हणत. बंगल्यातलं उकळलेलं पाणी त्याला बेचव लागे, म्हणून दुपारच्या सुट्टीत तो माझ्याबरोबर आमच्या घरी येई. घरी म्हणजे — पायरीपर्यंत. आम्ही शेतकरी माणसं; गोऱ्याचा हात आमच्या भांड्याला लागला असता तर भाऊबंदांनी वाळीत टाकलं असतं. तो बूट काढायचा, पायरीवर बसायचा, ओंजळ धरायचा, आणि आई तांब्यातून वरून धार सोडायची. पहिल्या दिवशी निम्मं पाणी त्याच्या बाहीत गेलं आणि ठसका लागून तोंड लालबुंद झालं.

"अरं हळू! कोपरं वर धर रं लेकरा," आई हसत म्हणाली.

महिन्याभरात तो असा तरबेज झाला की थेंब सांडेना. कामावरच्या बायकांकडून उचललेल्या मराठीत म्हणायचा, "आये, पानी दे गं." आई त्याला पळसाच्या पानावर भाकरी द्यायची, आणि तो गेला की पायरी धुऊन काढायची. दोन्ही ती मनापासून करायची.

वैशाखातला गुरुवार होता. मी रजेवर होतो, कारण बहिणीचं लग्न ठरून सुपारी फुटायची होती. कडावचे पाहुणे ओटीवर बसलेले. आणि भर दुपारी जेम्स एकटाच आला. दोन दिवस हिवतापानं अंथरुणाला खिळलेला. डोळे लाल, पाय लटपटत होते. त्यानं बूट काढले, पायरीवर बसला आणि ओंजळ वर केली.

पाहुण्यांतल्या थोरल्यानं विचारलं, "ह्यो गोरा तुमच्या घरचं पानी पितो काय?"

आई तांब्या घेऊन दारापर्यंत आली होती. मी तिला हातानंच थांबवलं. "नाय वो," मी म्हटलं, "कामाचं काय तरी इचाराया आला असंल." मग खाली उतरून जेम्सला हळूच म्हणालो, "साहेब, बंगल्यावर जा. तिथं पाणी आहे."

त्यानं माझ्याकडे बघितलं, ओटीवरच्या माणसांकडे बघितलं. "सॉरी," म्हणाला — तो, मला! बूट हातातच घेतले आणि अनवाणी गेला.

बंगला पाव कोसावर होता. तो पोचलाच नाही. दिवस कलायच्या आत माणसांना तो त्या जांभळीखाली मरून पडलेला सापडला. बहिणीची सुपारी मात्र फुटली.

महिन्याभरानं त्याच्या नावावर त्याच्या आईचं पत्र आलं. त्याचं सामान आणि कागद बांधायचं काम मोठ्या साहेबांनी माझ्यावर सोपवलं होतं, म्हणून मीच ते फोडलं. तो गेल्याची बातमी विलायतेला पोचायच्या कितीतरी आधी लिहिलेलं पत्र. त्यात होतं ते असं —

'काल गुरुवारी सकाळी, न्याहारीच्या वेळी, मागचं दार उघडलं तर तू पायरीवर बसलेला. अनवाणी. मी आत ये, आत ये म्हणून ओरडले. तू आला नाहीस. दोन्ही हात एकत्र करून वर धरलेस आणि माझ्याकडे बघत राहिलास. मी हातातला चहाचा पेला पुढे केला, तो तू घेतला नाहीस. आणि मग पायरी रिकामी. जेमी, तू आपल्याच घरात का आला नाहीस? आणि हात तसे का धरले होतेस?'

तारीख ताडून पाहिली. तोच गुरुवार! आपल्याकडे भर दुपार असते तेव्हा तिकडे काय वेळ असते, हे मोठ्या साहेबांना विचारलं. सकाळ, म्हणाले. आमची पाणी प्यायची रीत त्यानं आधी घरी कळवली असेल म्हणावं — तर मग ती विचारते कशाला?

आईला पत्र वाचून दाखवलं. ती चुलीपाशी बसून राहिली. भाकरी तव्यावर करपली तरी तिला भान नव्हतं.

"तिला लिव," ती म्हणाली, "वरनं धार सोडायची व्हती, बाय. आमी तसं शिकवलं व्हतं त्याला." थोड्या वेळानं पदर डोळ्यांना लावला. "आयेच्या दारातबी त्यो भाईरच बसला रं..."

त्यानंतर दारी कुणीही येवो, आई सरळ त्याच्या हातात तांब्या द्यायची. कडावच्या व्याह्यांनी आमच्याकडे पाणी प्यायचं सोडलं, तरी तिनं ऐकलं नाही.

मी मात्र तिनं सांगितलं तसं लिहिलं नाही. छातीच झाली नाही माझी. लिहिलं — आमच्याकडे वडीलधाऱ्यांना नमस्कार करायची ती रीत आहे.

तिचं उत्तर आलं. 'म्हणजे जेमी मला नमस्कार करायला आला होता! वाचून फार बरं वाटलं. आता रोज सकाळी मी त्याच पायरीवर बसते, आणि तुमच्या रीतीप्रमाणे त्याच्यासारखे हात धरते.'

हे सगळं घडलं कसं, मला आजतागायत उमगलेलं नाही. तिला खरं काय ते कळवायला मी कितीदा तरी कागद घेऊन बसलो... तो कोराच राहिला.