हेडलीच्या घराच्या सळ्या

स्किफ हार्बरात हेडली स्ट्रिकलँडचा हात लागला नाही असं घर सापडायचं नाही. कुणाचं छप्पर त्याने घातलेलं, कुणाचा जिना, कुणाचं तर तळापासून आढ्यापर्यंत सगळं. वय सहासष्ट, पण शिडीवर असा चढायचा की खाली उभ्या पोरांनी माना खाली घालाव्यात. जिभेला मात्र लगाम नाही. न्यूफाउंडलँडच्या या दक्षिण किनाऱ्यावर लाकडाखेरीज आणखी कशाचं घर बांधता येतं, हेच त्याला मंजूर नव्हतं.

इथे माती कुठंय पाया खणायला? सगळा उघडा खडक. त्यावर लाकडी खुंट उभे करायचे, खुंटांवर घराचा सांगाडा बसवायचा आणि खडकात भोकं पाडून अंगठ्याएवढ्या जाड लोखंडी सळ्यांनी ते घर जखडून टाकायचं. या सळ्यांच्या बाबतीत हेडली कुणाचं ऐकायचा नाही. सळ्या ठोकल्याशिवाय दाराची चौकट बसवणार नाही असा दम द्यायचा, आणि खरंच बसवायचा नाही. लोक चिडायचे, पण वारा सुटला की त्यालाच दुवा द्यायचे.

अख्ख्या गावात सळ्यांशिवाय एकच घर होतं. त्याचं स्वतःचं. आणि ही गोष्ट जगात फक्त त्यालाच ठाऊक होती.

आता असं का, तर त्याला कारण होतं. हेडली आठ वर्षांचा असताना सरकारने त्यांची बेटावरची वस्ती उठवली. त्याच्या बापाने घराच्या सळ्या उपटल्या, भोवती रिकामी पिंपं बांधली, भरतीच्या वेळी घर पाण्यात ढकललं आणि दोन होड्यांनी ओढत खाडी पार करून इथे आणलं. काकाच्या घराच्या सळ्या मात्र निघता निघेनात. दिवसभर घण मारून माणसं थकली, भरती ओसरली आणि घर तिथेच राहिलं. काकू काठावर बसून जी रडायला लागली, ती होडी लांब जाईपर्यंत ऐकू येत होती. ते रडणं हेडलीच्या मनातून कधी गेलंच नाही. पुढे लग्नानंतर पाण्याच्या कडेला स्वतःचं घर बांधलं, तेव्हा त्याने ते खुंटांवर नुसतं ठेवलं आणि खालचा भाग फळ्या मारून झाकला. उद्या पुन्हा उठायची वेळ आली, तर आपलं घर मागे राहता कामा नये.

एवढंच असतं तर कोण काय म्हणणार होतं? पण पाच वर्षांपूर्वी गाव सोडायचं की नाही यावर मतं घेतली, तेव्हा हाच हेडली शाळेच्या हॉलमध्ये उभा राहिला आणि जाऊ म्हणणाऱ्यांची त्याने सालटी काढली. पायाला पाय लावून पळणारे, म्हणाला. आपल्या बापजाद्यांना काय तोंड दाखवणार, म्हणाला. शेजारची एफीमावशी ड्युर्नफर्ड, ऐंशीला टेकलेली, लेकाबरोबर शहरात जावं की काय या विचारात होती. तिनेही मग तो विचार सोडला. गाव राहिलं. हेडलीचं घर मात्र तसंच, सुटं.

गेल्या ऑक्टोबरात वादळ आलं. सकाळी नऊच्या सुमाराला पाणी चढायला लागलं. हेडली वर चढणीवर होडी बांधत होता. त्याची बायको मेल्विना मागच्या खिडकीतून उडी मारून टेकडीकडे पळाली, आणि त्यानंतर थोड्या वेळाने घर उचललं गेलं. मोडलं नाही, कलंडलं नाही. पडदे लावलेलं घर जसंच्या तसं पाण्यावर तरंगलं, हळूच वळलं आणि लाटेसरशी एफीमावशीच्या घरावर जाऊन आदळलं. मावशीच्या घराला हेडलीने स्वतःच्या हाताने आठ सळ्या ठोकल्या होत्या. तोवर ते घर जागचं हललं नव्हतं. त्या धडकेने मात्र ते मावशीसकट पाण्यात ओढलं गेलं. पाण्याच्या फवाऱ्यात दुसऱ्या कुणाला काही दिसलं नाही. हेडलीला सगळं दिसलं.

मावशी तिसऱ्या दिवशी सापडली. शवपेटी हेडलीनेच केली, दुसरं कोण करणार? मावशीचा मुलगा लेस्टर, चाळिशीचा, खेकड्याच्या बोटीवर काम करणारा, पेटी बघून म्हणाला की काम छान केलंत, हेडलीकाका. त्याच दुपारी सगळे चर्चमध्ये असताना हेडली भोकं पाडायचं यंत्र घेऊन आपल्या मोकळ्या खडकावर गेला. चार भोकं पाडली, जुन्या सळ्या आत ठोकल्या, करवतीने अर्ध्यापर्यंत कापल्या आणि मग घण घालून मोडल्या. पाप झाकायचं, तेही त्याने कामासारखं नीट केलं. मग हात धुऊन मावशीला खांदा द्यायला गेला.

हिवाळा असा गेला की सांगायची सोय नाही. मेल्विनाच्या बहिणीच्या घरात एका खोलीत दोघं राहत होती. हेडली जेवताना बोलेना, कुणी हाक मारली की दचके. लोकांना वाटलं, घर गेलं म्हणून माणूस खचला. जो तो त्याच्या पाठीवर हात ठेवायचा, आणि तो काहीतरी निमित्त काढून उठायचा.

मे महिन्यात ठरलं की किनाऱ्यावरच्या सातही कुटुंबांनी वरच्या अंगाला नवी घरं बांधायची. दोन घरं गेली होती, उरलेली पाच वादळात टिकली होती, पण तीही आता खाली ठेवायची नाहीत असा सरकारचा हुकूम आला. शहरातून ट्रॅव्हिस नावाचा तरुण बांधकामवाला यायचा होता. थर्माकोलचे पोकळ ठोकळे एकावर एक रचायचे, आत लोखंड उभं करून काँक्रीट ओतायचं, थर्माकोल तसाच ठेवायचा म्हणजे थंडी आत येत नाही, अशी त्याची घरं. काँक्रीट ओतायचा पंप आणि सामान तराफ्यावर आणायचं, तर सातांतली चार कुटुंबं तरी राजी हवीत. नाहीतर लाकूड. ते शुक्रवारी दुपारी हॉलमध्ये ठरायचं होतं.

एरवी हेडलीने अशा घराची टर उडवली असती. मासे भरायच्या पेटीत झोपायचं का, असं काहीतरी म्हणाला असता. तो गप्प होता याचंच लोकांना नवल वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी मेल्विनाने त्याच्यापुढे डब्याच्या दुधाचा चहा ठेवला आणि समोर बसली.

“सळई तुटते तेव्हा आवाज होतो ना रे?”

“होतो. वाऱ्यात काय ऐकू येणार?”

“मी टेकडीच्या पायथ्याशी होते, हेडली. छपराचा पत्रा फडफडलेला ऐकला. गेटची कडी ऐकली. सळई एकदाही ऐकली नाही.”

हेडलीने कप उचलला, पण तोंडाला लावला नाही. ती त्याच्या हाताकडे बघत होती. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याला बरंच काही विचारलं होतं, पण असं थांबून, उत्तराची वाट बघत कधी विचारलं नव्हतं.

“लाकडाच्या घरात मी पाऊल टाकणार नाही,” ती शेवटी म्हणाली. “तुझ्या सळ्यांवर माझा जीव टांगायचा नाही मला. लाकूड ठरलं तर मी पोरीकडे जाते. तू ये, नाहीतर राहा.”

त्यानंतर तिने कपबशा धुतल्या. हेडलीला वाटत होतं की आत्ता सांगावं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की जगाला सळ्या ठोकायला लावल्या आणि स्वतःला पळायची वाट ठेवली? की एफीमावशीला आपल्या घराने मारलं? त्याने टोपी घातली आणि तिच्या मागोमाग हॉलकडे निघाला.

हॉलमध्ये सातही घरची माणसं जमली होती, मावशीच्या घरचा म्हणून लेस्टर. ट्रॅव्हिस मुलगा चांगला होता. फुशारकी नव्हती, जे ठाऊक होतं ते सरळ सांगत होता. लाकडाच्या घराला त्याने नावं ठेवली नाहीत. फक्त म्हणाला की पाच घरं वाचली ती कदाचित समुद्रात शिरलेल्या खडकाच्या टोकाच्या आडोशाला होती म्हणून. मग पडद्यावर त्याने एक फोटो लावला. हेडलीचा खडक, त्यात मोडलेली सळई.

“या गावातल्या सगळ्यात पक्क्या सुताराचं हे घर,” ट्रॅव्हिस म्हणाला. “त्यांच्या सळ्या तुटल्या, तर बाकीच्यांच्या किती दिवस टिकतील?”

हेडलीला दरदरून घाम फुटला. पडद्यावर सळई माणसाच्या मांडीएवढी दिसत होती आणि तिचं तोंड अर्धं खडबडीत, अर्धं गुळगुळीत होतं. गुळगुळीत तिथे करवत फिरली होती. जन्मभर बोटीवर लोखंड हाताळणाऱ्या माणसांनी भरलेली खोली, आणि ते सगळे त्या सळईकडे बघत होते. लेस्टर उठला. पडद्याजवळ गेला. बोट लावायच्या अंतरावर उभा राहिला. हेडलीला वाटलं, आता वळेल, आता विचारेल.

लेस्टर वळला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. त्याला काही दिसलं नव्हतं. आई तेवढी दिसली होती.

“आईच्या घराच्याही अशाच तुटल्या असणार,” तो म्हणाला. “मला लाकूडही नको आणि काँक्रीटही नको. इथे काही टिकत नाही. मी पोरांना घेऊन जातो.”

रोझ कीपिंग, जिचं घर वादळात हललंसुद्धा नव्हतं, तीही मान हलवून म्हणाली की मग आमचंही तेच. तिच्या मागे आणखी दोघे कुजबुजायला लागले. हेडलीने पाहिलं की संकट टळलंय. कुणाला कळलं नव्हतं आणि आता कळणारही नव्हतं. चार दिवसांत लोक बांधाबांध करतील आणि त्याच्या खोट्या सळ्यांच्या जिवावर गाव उठेल. पाच वर्षांपूर्वी त्याने गावाला थांबवलं होतं, आज तोच गावाला उठवत होता, आणि दोन्ही वेळा खोटं बोलून. त्याला स्वतःची किळस आली.

तो उभा राहिला. पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

“त्या सळ्या तुटलेल्या नाहीत,” तो म्हणाला. “मी कापल्यात. वादळानंतर. माझ्या घराला सळ्या नव्हत्याच.”

मग त्याने सगळं सांगितलं. बेट, काकाचं घर, स्वतःचं सुटं ठेवलेलं घर. ते कसं तरंगलं आणि कुठे जाऊन आदळलं. मावशीला पुरत होते त्या दुपारी तो काय करत होता. दोनदा थांबला, पण काही वगळलं नाही. सांगताना तो मेल्विनाकडे बघू शकला नाही. ती पुढच्या रांगेत ताठ बसली होती.

लेस्टर अजून पडद्यापाशी उभा होता.

“आईच्या घराला किती सळ्या होत्या?”

“आठ.”

“त्यांतली एक तरी सुटली होती?”

“माझं घर आदळेपर्यंत एकही नाही.”

लेस्टर त्याच्या दिशेने चालत आला. लोकांना वाटलं, आता हात उगारणार. हेडलीलाही तेच वाटलं. त्याने खुर्ची सोडली आणि हात खाली केले, म्हणजे मारायचं तर मारू दे. लेस्टर त्याच्यापुढे इतक्या जवळ उभा राहिला की त्याचा श्वास लागत होता. मग तो वळला, आपल्या जागी जाऊन बसला आणि ट्रॅव्हिसला म्हणाला की मतं घेऊन टाका.

लाकूड म्हटल्यावर रोझ कीपिंगचा हात आधी वर झाला. मग एकेक करत आणखी चार. सगळ्यांत शेवटी लेस्टरने हात वर केला. म्हणजे तोही राहणार होता.

काँक्रीटसाठी एकच हात वर गेला. हेडलीचा.

सगळे वळून बघायला लागले. रोझला राहवलं नाही. तिने विचारलं की जन्मभर लाकडात हात घालणारा माणूस तू, आत्ताच आमच्या सळ्या पक्क्या आहेत म्हणून सांगितलंस, आणि तुला स्वतःला काँक्रीट हवंय? हेडली म्हणाला की सळ्या पक्क्याच आहेत. पण मी त्या ठोकल्यात यावर मेल्विनाने यापुढे का विश्वास ठेवावा? काँक्रीट ओतलं की ते खडकाला धरून बसतं, तिथे माझ्या शब्दाची गरज नाही. मेल्विना मान खाली घालून हातमोजे चढवत होती.

एका घरासाठी पंप येणार नव्हता. ट्रॅव्हिसने तसं हळू आवाजात सांगितलं आणि कागद गोळा केले. माणसं उठायला लागली, हेडलीच्या बाजूने न जाता पलीकडून दाराकडे वळायला लागली. लेस्टर मात्र थांबला.

“तुमचं घर लाकडाचंच होणार, हेडलीकाका,” तो म्हणाला. “पण खडकाला भोकं मी पाडणार आणि सळ्याही मीच ठोकणार. तुम्ही यंत्राला हात लावायचा नाही. बाजूला उभं राहून बघायचं.”

हेडलीने मान डोलावली.

“मी सळ्या मोजायला येते,” मेल्विना लेस्टरला म्हणाली, आणि हेडलीसाठी न थांबता बाहेर पडली.