ओल्या केसांच्या वेण्या

पोरींनो, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर थोरलीनं केस मागं ओढून कपाळ दाखवलं. "आजी, माझेही केस आईसारखे जाणार का? तूच म्हणालीस ना, ते आपल्या घराण्यातच आहे?"

मी "जेवलीस का?" विचारून विषय बदलला. त्यानंतर दोन दिवस माझं कशात लक्ष लागलं नाही. कारण आपल्या घराण्यात असलं काहीही नाही. ते मी केलं.

तुमची आई शाळेत होती तेव्हा आम्ही बसवकल्याणला राहायचो. बोअरचं पाणी इतकं जड, की त्यानं न्हालं की केस सुंभासारखे व्हायचे. नळाचं गोडं पाणी सोमवारी आणि गुरुवारी पहाटे यायचं. म्हणून तिचं न्हाणं सोमवारी सकाळी. गुरुवारचं पाणी रविवारपर्यंत भरून ठेवता आलं असतं, मग केस दिवसभर वाळले असते. पण न्हाणीघरात पिंपं ठेवलेली मला आवडायची नाहीत.

मी राजेश्वर गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. साडेसातची बस. सहाला न्हाणं, सव्वासहाला पंच्यानं पुसणं, साडेसहाला वेण्या. ओले केस ओढले की चापूनचोपून बसतात, एक बट सुटत नाही. दोन वेण्या वर दुमडून तांबड्या रिबिनी. बाकीच्या दिवशी केस कोरडे असायचे, पण वेण्या तेवढ्याच घट्ट. तिची शाळा दहाची होती. सासूबाई, म्हणजे माझ्या आत्याबाई, घरीच असायच्या, त्यांनी सावकाश घातल्या असत्या. पण त्यांच्या हातच्या वेण्या मला ढिल्या वाटायच्या.

त्या दारात बसून बघायच्या.

"कामून इतकं आवळायलीस? वेणी घालायलीस का बैलाला वेसण?"

"बस थांबणार हाय का माझ्यासाठी, आत्याबाई?"

"वाळू तर दे. ओला केस कच्चा असतो. लेकराचे डोळे कपाळात चालले बघ."

मला हसू यायचं. मी इंग्रजी शिकलेली, मला ती जुन्या बायकांची समजूत वाटायची. त्या स्वतः तेल कोमट करून मुळाशी लावायच्या आणि लाकडी फणीनं आधी टोकांचा गुंता काढून मग वर सरकायच्या. सत्तरीतही त्यांचा अंबाडा मुठीत मावत नव्हता.

तुमची आई सातवीत असताना त्या गेल्या. दोन वर्षांत तिच्या कानशिलांवरचे केस विरळ झाले. मी तेलं बदलली, जास्वंदाची पानं वाटून लावली. वेण्या मात्र तशाच घातल्या. आणि विचारील त्याला सांगायला लागले, "तिच्या वडलांकडचं आहे." लग्न ठरवतानाही हेच सांगितलं. ज्या बाईचा अंबाडा मुठीत मावत नव्हता, तिच्या माथी मी हे मारलं, आणि त्या उत्तर द्यायला नव्हत्या.

थोरलीच्या प्रश्नानंतर तिसऱ्या दिवशी मी तुमच्या आईला फोन केला. घोकून ठेवलेलं सगळं विसरले.

"तुझे केस माझ्यामुळं गेले. घराण्याचं काही न्हाई त्यात."

ती हसली. "माहीत हाय मला. इथल्या डॉक्टरनं बघताच विचारलं, लहानपणी वेण्या कोण घालायचं म्हणून."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू साऱ्या गावाला सांगत सुटली होतीस. तुला खोटं पाडू व्हय?" मग म्हणाली, "आजी होती तवर काही झालं न्हाई. ध्यानात आलं का तुझ्या?"

मी मनात वर्षं मोजायला लागले.

"तू बसला गेलीस की आजी माझ्या वेण्या सोडायची. उन्हात बसवून केस वाळवायची, मग सैल घालायची. संध्याकाळी तू यायच्या आधी पुन्हा आवळून द्यायची. म्हणायची, तुझ्या आईला कळू देऊ नको, बिचारी चार ठिकाणी पळायलीय."

रोज संध्याकाळी त्या वेण्या बघून मला बरं वाटायचं. सकाळी घातलेल्या अजून जशाच्या तशा आहेत, म्हणून. आता आत्याबाईंना सांगायला जाऊ तरी कुठं?

तेव्हा थोरले, नीट ऐक. तुझे केस आपोआप जाणार नाहीत. न्हाणं सुट्टीच्या दिवशी ठेव. केस पूर्ण वाळू दे. विंचरताना टोकांपासून सुरुवात कर. धाकटीचे तू विंचरत असशील तर तिचंही असंच कर. वेणी झाली की आरशात भुवया वर-खाली करून बघ. कानशिलाला ओढ लागली तर सोड आणि पुन्हा घाल.

बस चुकली तर चुकू दे.