गुडघ्याएवढा बांध

कोर्टातला दावा थांबला त्याच्या पाचव्या दिवशी थोरल्या दिरांनी माझा डावा हात मोडला.

दावा त्यांचाच होता. उत्रोलीतलं, वाटणीत आमच्याकडे आलेलं ओढ्याकडचं भातखाचर आपलंच आहे, असं त्यांनी भोरच्या कोर्टात लिहून दिलं होतं. माझे मालक फौजेत, तेव्हा सीमेवर, बर्फात. सैनिक सीमेवर असताना त्याच्या पाठीमागे त्याच्यावरचा दावा चालवता येत नाही, असा कायदा आहे. ह्यांनी पलटणीतल्या साहेबांच्या सहीशिक्क्याचा दाखला पाठवला, मी तो वकिलांकडे दिला आणि हे परत येईपर्यंत सुनावणी थांबली. मी एसटीनं घरी आले ती मोठ्या तोऱ्यात. आता कुणाची माय व्यालीय माझ्या खाचरात पाय ठेवायला, असं मनात म्हणत होते. कायद्यानं दावा थांबतो, दीर थांबत नाहीत, हे काही डोक्यात आलं नाही.

आमच्याकडे उन्हाळ्यात राब भाजतात. शेण, पाला, गवत आणि वर माती असे थर लावून पेटवायचे आणि त्या भाजलेल्या जागेत भाताचं बी टाकायचं. राब ज्यानं भाजला, त्या साली खाचर त्यानं करायचं, हे सगळं गाव मानतं. तिथं कोर्टाला कुणी विचारत नाही. सकाळी धूर दिसला म्हणून धावले, तर दीर माझ्या खाचरात राब पेटवून उभे.

मी पायानं जळता पाला उधळला. साडीचा काठ पेटला, तो हातानंच विझवला. त्यांनी मला केसाला धरून मागं ओढलं आणि हातातलं दांडकं घातलं. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, दुखलं नंतर. पंधरा वर्षं ज्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, त्यांना मी अरेतुरे करत तिथंच पडलेलं खोरं उजव्या हातानं उचलून हाणलं. कपाळ फुटलं. ते खाली बसले तरी पुन्हा हाणलं, खांद्यावर. खरं सांगते, त्या वेळी मला ते मेलेलेच हवे होते. सासूबाई मध्ये येऊन पडल्या नसत्या तर मी थांबले नसते.

सासूबाई रडल्या नाहीत. दोघांचं रक्त एकाच पदरानं पुसलं आणि म्हणाल्या, "त्याला कळू द्याचं न्हाई. त्यो बंदूक घिऊन हुबाय तितं."

सीमेवरच्या माणसाला घरातलं वाईट कळवायचं नाही, ही आमच्या घरची रीतच. सासऱ्यांचं आजारपणही ह्यांना रजेवर आल्यावर कळलं होतं.

दोघांना एकाच टेम्पोतून भोरच्या दवाखान्यात नेलं, मध्ये सासूबाई. वाटेत मी तक्रार द्यायचं पक्कं केलं होतं. मग डोकं चालायला लागलं. पोलीस केस झाली की बातमी पलटणीत पोचणार, हे रजा टाकून येणार आणि भावाला जिवंत ठेवणार नाहीत. मग नोकरी गेली, माणूस तुरुंगात गेला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा दातओठ खात मी बांधावरून पडले म्हणाले. दिरांना आत वेगळं विचारलं. त्यांनी काय सांगितलं ते मला कळलं नाही.

आठ दिवसांनी ह्यांचा व्हिडिओ कॉल आला. मी खाचराच्या कडेला होते, प्लास्टर लपवता आलं नाही. बांधावरून पडले, असं ह्यांनाही सांगितलं.

"दादाबी बांदावरनंच पडला म्हनत हुता," ते म्हणाले. "टाकं पडल्यात त्याला. आपला बांद येवढा उच कदी झाला?"

बांध समोरच होता, माझ्या गुडघ्याएवढा. त्याच्या पलीकडे डोक्याला पट्टी बांधून दीर आपल्या खाचरात बसले होते. अर्धा जळलेला राब तसाच पडून होता, त्याला ना मी हात लावला होता ना त्यांनी. माझा राग तिळभरही कमी झाला नव्हता, पण त्यांनीही माझंच खोटं सांगितलं होतं आणि त्याचीच मला जास्त चीड आली.

"आवंदा उच घातलाय," मी म्हणाले.

हे हसले नाहीत.

"मग जपून चाला," म्हणाले, "दोगंबी."