गेटवरची सरोजा

आमची पोलिसांची महिला कंपनी शांतिसेनेतून पश्चिम आफ्रिकेत होती. ड्यूटी तिथल्या एका मंत्र्याच्या ऑफिसचं गेट राखायची. मी कुक. चौथी शिकलेली, पण वर्दी आणि रायफलचं ट्रेनिंग सगळ्यांसारखंच. लंगरचा, म्हणजे कंपनीच्या स्वयंपाकघराचा, नियम एकच. पहिलं ताट गेटवर पहारा देणाऱ्या संत्रीला, मग कंपनी कमांडरला.

त्या दुपारी संत्री होती कॉन्स्टेबल सरोजा, आमच्या बंगळूरच्या चामराजपेटचीच. ताट घेऊन गेले तर म्हणाली, "अक्का, भात आजही कच्चा असेल तर मंत्र्याला वाढ. तो तक्रार करत नाही."

तेवढ्यात निवडणूक हरलेल्या गटाचा जमाव आला. काहींच्या हातात बंदुका होत्या. मंत्री गेटबाहेर गाडीतून उतरत होता. सरोजानं वायरलेसवर खबर दिली. कंट्रोलनं गेट लगेच बंद करायला सांगितलं.

"व्हीआयपी बाहेर आहे. तो आत आल्यावर बंद करते. ओव्हर."

तिनं धावत जाऊन त्याला आत ढकललं आणि वळून पोझिशन घेतली. गोळी समोरून छातीत लागली. मी तिला आत ओढलं, गेट लावलं. मदत येईपर्यंत ती गेली होती.

मंत्री मात्र पुढे मोठा होत गेला. दिल्लीत त्याच्या देशाचा राजदूत झाला. मग सरकारी काम सोडून खाणींच्या यंत्रांची कंपनी काढली. गेल्या वर्षी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याशी करार करायला बंगळूरला आला. त्या दिवशी गेटवर होते म्हणून सत्कारात गुच्छ द्यायला मला बोलावलं. त्याच्या भाषणात काय आहे ते मी आयोजकाला विचारलं. साहेबांच्या धैर्याबद्दल दोन पानं होती आणि 'एका भारतीय रक्षकाचा' मृत्यू एका ओळीत. तिचं नाव घाला म्हटलं.

"भाषण छापून झालंय, अक्का. स्वल्प अ‍ॅडजस्ट करा."

"मग गुच्छ तूच दे."

मी रिकाम्या हातांनी स्टेजवर गेले. कामापुरतं इंग्रजी मला येतं. साहेबाला विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

आयोजकानं माझा दंड धरला.

"हात काढ. उत्तर मिळाल्याशिवाय मी उतरणार नाही."

साहेब उठून उभा राहिला. म्हणाला, "मी कधी विचारलंच नाही."

मी नाव सांगितलं. त्यानं चुकीचं म्हटलं. परत म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं, तेही माइकवर.

कॉन्स्टेबल सरोजा. वय सव्वीस. घरी मराठी बोलायची, शिव्या कानडीत द्यायची. हुकूम येऊनही तिनं माणूस बाहेर सोडला नाही. तिला नुसती 'रक्षक' म्हणणाऱ्यानं माझ्यासमोर म्हणून बघावं.