दोन तास पंधरा मिनिटांची परवानगी

आफ्रिकेतल्या त्या देशात आमची बटालियन शांतिसेनेत होती. माझी पोस्टिंग राजधानीतल्या लायझन सेलमध्ये, हुद्दा सुभेदार. सैन्य टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं होतं. आठवड्यातून तीन बैठका व्हायच्या. एका बाजूला आपल्या दूतावासातले अधिकारी आणि आमचे मेजरसाहेब, दुसऱ्या बाजूला त्या देशाचे कर्नल आणि परराष्ट्र खात्याचे लोक. कुठली चौकी कधी सोडायची, किती गाड्या बंदरावर न्यायच्या, याच्या याद्या मी टाईप करायचो.

पहिल्या टप्प्यात घाटाजवळच्या आमच्या तळावरचं हेलिकॉप्टर परत गेलं. जड सामान आधी, हा साधा हिशोब. यादी मीच टाईप केली. तेव्हा काही खटकलं नाही.

उरलेलं एक हेलिकॉप्टर राजधानीत होतं. नव्या करारानुसार त्याच्या प्रत्येक उड्डाणाला त्या देशाची लेखी परवानगी लागायची.

सामान घेऊन निघालेल्या ताफ्यातला एक ट्रक घाटात उलटला. ११:२० ला ताफ्याबरोबरचे सुभेदार यादव रेडिओवर बोलले.

"एक कॅज्युअल्टी. लान्स नाईक वानखेडे. पोटाला मार. होश में है. हेलिकॉप्टर भेजो. ओव्हर."

"रॉजर. वेट. आउट."

रस्त्याने हॉस्पिटल पाच तासांवर होतं. राजधानीत वैमानिक हेलिकॉप्टरमध्ये बसून राहिले. मी आमच्या मुख्यालयाला अर्ज पाठवला. वीस मिनिटांत तो दूतावासात गेला. दूतावासाने परराष्ट्र खात्याला फोन केला, त्यांनी हवाई मुख्यालयाला. मेजरसाहेब स्वतः कर्नलकडे जाऊन उभे राहिले. यादव दर दहा मिनिटांनी विचारायचे. मी दर वेळी "वेट" म्हणायचो.

१३:३५ ला सही आली. १३:४० ला हेलिकॉप्टर उडालं. १४:०५ ला यादव म्हणाले, "वानखेडे नहीं रहा." हेलिकॉप्टर अजून वाटेतच होतं.

पुढच्या बैठकीत मेजरसाहेबांनी एकच मुद्दा मांडला: जखमींसाठीच्या उड्डाणाला परवानगी नको, फक्त कळवणं पुरे. कर्नलनी कागद वाचला. मग त्यांनी सही केली. तीही मीच टाईप केलेल्या कागदावर.

निवृत्तीनंतर मी भोपाळला मिसरोदमध्ये घर घेतलं. मंगेश वानखेडेचं घर याच शहरात, आनंद नगरला. तिथे जायला मला सात महिने लागले. त्याचे वडील कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झालेले. त्यांनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, "साहेब, उशीर कुणी केला?"

मी सगळ्या वेळा सांगितल्या. कुठल्याही ऑफिसात कागद तासाच्या वर थांबला नव्हता.

"म्हणजे कुणीच नाही?"

"कुणा एकाने नाही, काका. अन् तळावरचं हेलिकॉप्टर आधीच परत पाठवायची यादी माझ्या हातची होती."

त्यांनी माझ्यासमोरचा पाण्याचा ग्लास उचलून बाजूला ठेवला.

"आमच्या प्लांटमध्ये माणूस जखमी झाला की गेट आधी उघडायचं," ते म्हणाले. "गेटपास नंतर बनायचा."

आतून मंगेशची आई बाहेर आली. तिला वेळांशी देणंघेणं नव्हतं. "त्याच्याजवळ कोणी होतं का हो?" तिने विचारलं.

होतं. सुभेदार यादव पावणेतीन तास त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. रेडिओ एका हातात. मंगेश त्यांना भोपाळच्या तलावाबद्दल सांगत होता, शेवटपर्यंत. हे मी तिला सांगितलं.