नाखव्याच्या दारातलं सोनं

हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही, अगदी बायकोलाही नाही. आता का सांगतोय? परवा एका लग्नात कुणीतरी म्हणालं, जुगाऱ्यांना अक्कलच नसते — आणि माझं डोकं फिरलं. अक्कल नसते? अहो, त्यांच्यासमोर कुणाची अक्कल बसलेली असते, ते विचारा ना!

माझी बसली होती. नव्वदीच्या सुरुवातीला संख्याशास्त्राची पदवी घेऊन मी कोपरीत घरी बसलेलो. मटका चालवणाऱ्या एका शेटने कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर मला बसवलं. घरी सांगितलं, हिशेबाचं काम आहे. कोण कुठला आकडा लावतो, हरल्यावर कधी परततो, कधी परततच नाही — सगळं भरायचो आणि ताळे जुळवत बसायचो. मजा यायची हो! आज लिहितानाही स्वतःची चीड येते, पण यायची.

आणि एक गोष्ट सापडली. खेळ सोडलेला माणूस सहसा परत येत नाही. पण तो दूर असताना त्याचा नेहमीचा आकडा लागला, आणि हे त्याच्या कानावर गेलं — की तो आलाच! शेट खूश. म्हणाला, "पण कानावर घालायचं कसं रे? आपल्याला दारात कोण उभं करणार?"

मी म्हणालो, "दसऱ्याला पाठवा माणूस. सोनं द्यायला आलेल्याला कोण हाकलतंय?"

आमच्या शेजारी एक नाखवा राहायचा. खाडीत त्याची स्वतःची होडी होती, घर तिच्यावर चालायचं. त्या वर्षी नवरात्रात अनवाणी राहून टेंभी नाक्याच्या देवीसमोर त्याने मटका सोडला. त्याची बायको — आमची वयनी — आनंदाने घरोघर सांगत फिरली. आमच्याकडेही आली होती.

शेटला त्याचं नाव मी दिलं. मीच.

दसऱ्याच्या संध्याकाळी शेटचा माणूस आपट्याची पानं घेऊन गेला. नमस्कार केला आणि निघता निघता म्हणाला, "नाखवा, परवा तुमचा अठ्ठा लागला की! तुम्हीच नव्हता." मी खिडकीतून बघत होतो. नाखवा पानं हातात धरून नुसता उभा राहिला.

होळीच्या आत होडी विकली गेली.

वयनी आमच्या ओट्यावर येऊन रडली. आणि मी, शिकलेला माणूस — काय म्हणालो असेन? "तुम्ही लक्ष ठेवायला हवं होतं, वयनी." तेही वर रागावून! लाज कशी वाटली नाही मला? नाही वाटली. तेव्हा खरंच नाही वाटली.

नाखवा गेला. वयनी आता कळव्याला मुलीकडे असते, पण दसऱ्याला न चुकता येते. दरवर्षी तेच म्हणते, "तू बोललास तेच खरा, भाऊ. माजाच लक्ष नव्हता." मग माझ्या हातावर सोनं ठेवते.

मी ते घेतो.