फायरमनचं काजळ

माझे वडील कोळशाच्या इंजिनावर फायरमन होते. घर नाशिकरोडला, ड्युटी मनमाडला. आमच्या लाइनीवर केव्हाच विजेची इंजिनं आली होती; मनमाडहून दौंडकडे मात्र अजून कोळसाच चालायचा. म्हणजे विजेच्या गाडीत बसून हा माणूस भट्टीत कोळसा टाकायला जायचा. शेजारच्या बायका यावरून हसायच्या आणि मीही त्यांच्यात हसायचे.

कोळशाची पूड त्यांच्या पापण्यांच्या मुळाशी बसे. कितीही साबण लावा, काजळ घातल्यासारखी काळी रेघ राहायचीच. मला त्या रेघेची भारी लाज वाटे.

मला बघायला मुलाकडचे आले, तेव्हा मी बी.ए.ला होते आणि चांगलीच शिष्ट होते. मुलाच्या आईने विचारलं, "वडील कुठल्या गाडीवर असतात?" ते तोंड उघडणार तोच मी म्हणाले, "विजेच्या इंजिनावर. ड्रायव्हर आहेत."

वडिलांनी बशी खाली ठेवली. हात मांडीखाली सरकवले. मग म्हणाले, "हो. आता काय, सगळं बटणावर असतं."

लग्न जमलं. सणावाराला ते माझ्या सासरी येत, त्याआधी घरी आरशासमोर बसून खोबरेल तेलाच्या फडक्याने पापण्या घासत. आईनेच मला हे सांगितलं. रेघ जाई, डोळे मात्र लालभडक होत. सासूबाई विचारायच्या, "डोळे आलेत का हो?"

"हो, जरा आलेत," ते म्हणायचे.

दर सणाला त्यांचे डोळे यायचे आणि मी मान खाली घालून चहा गाळायचे. एक वाक्य बोलायचं होतं, तेवढंही माझ्याच्याने झालं नाही. याची लाज मला आजही वाटते.

पुढे दौंडच्या गाड्यांनाही डिझेल इंजिनं लागली. पापण्या स्वच्छ झाल्या, तरी आमच्या दारात ते सवयीने डोळे पुसून मगच आत येत.

ते गेल्यावर मी एकदा सासूबाईंजवळ रडत रडत सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. माझा भाऊ कोळशाच्याच इंजिनावर होता. ती रेघ मी ओळखणार नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून तर दर वेळी तुझ्यासमोरच विचारायचे गं."